त्याच्या नावाच्या बातम्या

धुळ्यात आमचा कॉम्प्युटरचा क्लास एका कापडाच्या दुकानावरच्या खोलीत होता आणि फोन दुकानदाराचा होता. दुपारी बारा ते तीन दुकानाचं शटर अर्धं खाली यायचं, दुकानदार जेवून गादीवर आडवा व्हायचा आणि तेवढा वेळ फोनची तार आम्हाला वर मिळायची. ती मोडेमला जोडून आम्ही नाशिकचा नंबर फिरवायचो. लागला तर लागला. नव्वदच्या दशकाचा शेवट होता, गावात इंटरनेट हा शब्द ऐकलेले लोक मोजके होते आणि पाहिलेले त्याहून कमी.

आम्ही म्हणजे मी आणि माझा जोडीदार. तो नरडाण्याजवळच्या एका खेड्यातला, कापूस पिकवणाऱ्या घरातला एकुलता एक मुलगा. वडील लवकर गेलेले, घरी आई. आम्ही कॉलेजात एकत्र होतो आणि नोकरी मिळेपर्यंत म्हणून क्लास काढला होता. मी मुलांना शिकवायचो, तो मशीनं दुरुस्त करायचा. उरलेल्या वेळात तो बातम्या वाचायचा.

तीन याद्यांमध्ये त्यानं आपलं नाव घातलं होतं. एक विज्ञानाची, एक कॉम्प्युटरची, एक हिंदी सिनेमाची. त्या काळी असं होतं की एका ई-मेलच्या पत्त्यावर आपलं नाव कळवलं की जगातल्या कुठल्या तरी कोपऱ्यातून रोज बातम्यांचं एक लांबलचक पत्र येऊन पडायचं. कुठल्या ग्रहाच्या चंद्रावर बर्फाखाली पाणी असावं, नवी चिप किती वेगानं चालते, कोणत्या नटीनं कोणता सिनेमा सोडला, सगळं. सिनेमाची यादी तर अमेरिकेतली आपलीच माणसं चालवायची. मी त्याला चिडवायचो, की मुंबई इथून एका रात्रीवर आहे आणि तिची खबर तुला सातासमुद्रापलीकडून कळते. तो हसायचा नाही. त्यातलं निवडक मराठीत उतरवून तो क्लासच्या दारावर कागद डकवायचा. मुलं तो वाचायला क्लासच्या आधी दहा मिनिटं यायची. माझ्या तासाला मात्र दहा मिनिटं उशिरा.

एप्रिलमध्ये एका दुपारी तो मोटरसायकलवरून गावाकडे निघाला आणि हमरस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेल्या उभ्या ट्रकवर मागून आदळला. रस्ता सरळ होता, ट्रक बाजूला घेतलेला होता, दुपारचा दीड वाजला होता. डुलकी लागली असणार, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो. आमच्याकडच्या उन्हात जागेपणीसुद्धा डोळ्यांपुढे पांढरं होतं.

दशक्रियेला तापीकाठी आम्ही तीसेक माणसं होतो. वाळूवर पिंड मांडलेला, समोरच्या बाभळीवर पाच-सहा कावळे. एकही खाली येईना. ज्यांना ही रीत माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो: कावळा पिंडाला शिवला नाही तर गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय असं समजतात, आणि मग जवळच्या माणसांनी एकेक करून त्याला शब्द द्यायचा असतो. त्याचा मामा पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला, "तुन्ही मायले मी देखसू." कावळे बसून राहिले. कुणी शेतीचं बोललं, कुणी विहिरीचं. ऊन चढत होतं. मला त्या सगळ्याचा वैताग आला होता. पोट भरलेले कावळे खाली कशाला येतील, असं मी शेजारच्याला हळूच म्हणालोही. शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. जिवंत कावळा येत नाही तेव्हा गवताचा करून तोच पिंडाला लावतात. त्याच्या आईनं गुरुजींचा हात धरला. तिला सगळे अक्का म्हणत, मीही म्हणायचो. ती माझ्याकडे वळली.

"तू त्याना जोडीदार शेस," ती म्हणाली. "तूच सांग त्यानं काय ऱ्हायनं ते."

तीस माणसं माझ्याकडे बघत होती. मला फक्त ते लवकर संपायला हवं होतं. तिला चक्कर येईल अशी भीती होती आणि दुसरं काही सुचत नव्हतं. मी पिंडाकडे बघून म्हणालो, "तुझ्या बातम्या रोज मी वाचीन. एकही चुकवणार नाही."

बाभळीवरचा एक कावळा उतरला, दोन उड्या मारत आला आणि त्यानं भातात चोच घातली.

मी विज्ञानाचा पदवीधर आहे. कावळा भुकेला होता, माणसं थोडी मागे सरली होती, बाकी काही नाही, असं मी मला सांगितलं. पण अक्कानं माझा हात धरून कपाळाला लावला. त्या बाईचं सगळं जग आता माझ्या एका वाक्यावर टेकलं होतं. मी वाचलं तर तिचा मुलगा सुटला, नाही वाचलं तर अडकला. एवढं साधं होतं.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता मी त्याच्या खुर्चीत बसलो, नाशिकला फोन लावला आणि त्याच्या नावाची पेटी उघडली. पासवर्ड मला माहीत होता, आमचं तसं काही लपलेलं नव्हतं. दहा दिवसांच्या बातम्या साचल्या होत्या. प्रत्येक पत्राच्या डोक्यावर त्याचं नाव आणि खाली, तुमच्यासाठी आजच्या बातम्या. मी ठरवलं, की आलेलं वाचायचं आणि त्याच्या बाकी कशालाही हात लावायचा नाही. त्या प्रोग्रॅममध्ये आलेली पत्रं घ्यायचं बटण वेगळं होतं आणि लिहिलेली पाठवायचं वेगळं. मी फक्त पहिलं दाबायचो. त्यानं कुणाला काय लिहिलं ते बघणं मला चोरीसारखं वाटायचं.

अक्का आठवडे बाजाराला एसटीनं धुळ्याला यायची. येताना माझ्यासाठी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि ठेचा बांधून आणायची. वर कधी चढली नाही. दुकानाच्या पायरीवर बसायची आणि मी खाली आलो की पहिला प्रश्न, "वाचं का रे भाऊ?"

"वाचलं, अक्का."

"जोरमा वाचस ना?"

मी म्हणालो, मनात वाचतो. तिचा चेहरा पडला. "मनमा वाचशी तर त्याले कसं ऐकू येई?"

मग मी मोठ्यानं वाचू लागलो. हे लिहितानाही मला ओशाळल्यासारखं होतं. भर दुपारी, पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत, आठ बंद मॉनिटरांसमोर बसून मी इंग्रजी बातम्या मोठ्यानं वाचायचो. एका मेंढीपासून हुबेहूब दुसरी मेंढी केली. अमक्या कंपनीचं नवं मशीन आलं. तमक्या सिनेमाचं गाणं कापलं. खाली दुकानदाराचं घोरणं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पहिला आठवडा मी भराभर उरकलं. नंतर माझ्या लक्षात आलं, की मी सावकाश वाचायला लागलोय. सिनेमाची बातमी आली की थांबायचो, कारण पूर्वी तो तिथे काहीतरी बोलायचा. थांबलो की खोलीतली शांतता मला ऐकल्यासारखी वाटायची. समोर कुणी कान देऊन बसलं असलं की वाचणाऱ्याला ते न बघता कळतं. शिकवणाऱ्या कुणालाही विचारा. मला तसं कळायचं, आणि समोर कुणी नसायचं.

खिडकीत एक कावळा यायला लागला. तो भाकरीच्या तुकड्यांसाठी यायचा, ह्याबद्दल मला शंका नाही. तरी मी भाकरी खाली दुकानात बसून खायला लागलो आणि खिडकी लावून घेतली. काचेपलीकडे तो बसलेला दिसायचा. वाचून संपलं की उडायचा.

जुलैत एकदा सुटे भाग आणायला मी जळगावला गेलो आणि तिथेच मुक्काम पडला. दोन दुपारी बुडाल्या. परत आल्यावर मी साचलेल्या सगळ्या बातम्या एका बैठकीत वाचून काढल्या आणि हिशेब चुकता झाला असं मानलं. बाजाराच्या दिवशी अक्का पायरीवर बसलेली होती. तिनं भाकरीचं फडकं मांडीवरच ठेवलं, पुढे केलं नाही.

"परवा नही वाचं ना तू?"

मी विचारलं, कुणी सांगितलं.

"कावयानी घास नही खादा," ती म्हणाली. रोज जेवायच्या आधी ती अंगणात एक घास ठेवायची, ते मला तेव्हा कळलं. "दोन दिन तसाच पडेल व्हता."

दुकानदारानं तिला सांगितलं असेल म्हणून मी त्याला जाऊन विचारलं. तो म्हणाला, त्या आत्ताच एसटीतून उतरून आल्यात, माझं त्यांच्याशी एक अक्षर झालेलं नाही. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्या दिवसापासून मी धुळं सोडलं नाही. जळगावला चुलतभावाचं लग्न होतं, गेलो नाही. नाशिकला नोकरीची मुलाखत होती, तीही सोडली. घरचे म्हणाले, ह्याला काय झालंय. मी कामाचं कारण पुढे केलं. खरं कारण सांगितलं असतं तर त्यांनी मला शिरपूरच्या एखाद्या भगताकडे नेलं असतं, आणि मजा म्हणजे मी कदाचित गेलोही असतो.

हिवाळ्यात कधीतरी विज्ञानाच्या यादीकडून एक वेगळं पत्र आलं. मशीननं आपोआप पाठवलेलं, सगळ्यांना जातं तसं. आमची यादी आम्ही तपासत आहोत, असं त्यात होतं. तुम्ही अजूनही ह्याच पत्त्यावर असाल तर काहीही करू नका.

मी ते मोठ्यानं वाचलं, कारण मी सगळंच मोठ्यानं वाचायचो. त्यानं काहीही केलं नाही. मीही काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी बातम्या नेहमीसारख्या आल्या, त्याच्या नावानं. म्हणजे यादीच्या लेखी तो तिथेच होता. खिडकीवरचा पडदा मी त्याच दिवशी विकत आणला.

मग वर्षश्राद्ध जवळ आलं. दरम्यान दुकानदारानं जागा विकायला काढली होती. क्लास दुसरीकडे न्यायचा तर नवा फोन, नवं कनेक्शन, आणि जुनं खातं मार्चअखेर आपोआप बंद होणार होतं. मी अक्काला पायरीवर बसून हे सगळं सांगितलं. ही बाई आता काय म्हणेल, मला कशात बांधेल, ह्याची मला खरोखर भीती वाटत होती. आणि तिनं नाही म्हटलं तर मी जन्मभर वाचत बसेन हेही मला ठाऊक होतं.

ती उठली आणि कठड्याला धरून जिना चढायला लागली. वर्षात पहिल्यांदा.

वर येऊन तिनं खोली बघितली, आठ मॉनिटर बघितले आणि मी न दाखवता त्याच्या खुर्चीत जाऊन बसली. बारा वाजत होते. मी फोन लावला. मोडेमचं ते किरकिरणं ऐकून तिनं पदर तोंडाला लावला, पण उठली नाही. त्या दिवशीच्या बातम्या मी शेजारी उभं राहून मोठ्यानं वाचल्या. तिला इंग्रजी कळत नव्हतं, तरी ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. संपल्यावर ती मॉनिटरकडे बघून म्हणाली, "आते पुरं व्हयनं." आणि मला म्हणाली, "बंद कर. जाऊ दे त्याले."

बंद करायची रीत अशी होती, की त्याच्याच पत्त्यावरून यादीला एक ओळ लिहून पाठवायची, माझं नाव काढा. मी आधी विज्ञानाच्या यादीला लिहिलं. वर्षभरात पहिल्यांदा पाठवायचं बटण दाबलं.

पडद्यावर अक्षरं आली, चार पत्रं पाठवत आहे.

मी एकच लिहिलं होतं.

मी घाईनं ते थांबवलं. अक्का म्हणाली, "काय व्हयनं?" मी म्हणालो काही नाही, आणि जी पेटी मी वर्षभर उघडली नव्हती ती उघडली. पाठवायच्या पत्रांत माझं सोडून आणखी तीन होती. तीन याद्यांना, प्रत्येकी एक ओळ. माझं नाव काढा. तिन्हींवर तारीख तीच, गेल्या एप्रिलमधली, तो गेला त्या दिवसाची. पहिल्यावरची वेळ दुपारचे बारा दहा.

त्या दिवशी फोन बंद होता. मला पक्कं आठवत होतं, कारण मीच टेलिफोनच्या ऑफिसात तक्रार द्यायला गेलो होतो आणि तिथे तासभर भांडलो होतो. त्या वेळात तो ह्या खुर्चीत बसला होता. पत्रं लिहून त्यानं बटण दाबलं असणार, तार मेलेली होती, पत्रं पेटीत राहिली. मग तो उठला, खाली गेला आणि मोटरसायकल काढली. कॉम्प्युटरचं घड्याळ चुकीचं असेल, असंही मी स्वतःला म्हणून बघितलं. ते घड्याळ मीच लावलेलं होतं.

माणूस कंटाळूनही बातम्या बंद करतो. मी त्याला इतक्या वेळा टोकलं होतं, कदाचित माझ्यावर चिडूनही केल्या असतील. हे सगळं मी त्या दोन-तीन मिनिटांत मनाशी म्हटलं. पण तिन्ही एकदम, दोन मिनिटांच्या अंतरानं, एकेका ओळीत? घरचा पेपर आपण कधी बंद करतो? बाहेरगावी जाताना. आणि सरळ रस्ता, बाजूला उभा ट्रक, भर दुपार. मला त्याचा असा राग आला की मी त्याला मनात शिवी दिली. त्यानं मला सांगायचं होतं. मी फक्त एक रस्ता ओलांडून होतो.

आणि नदीकाठी मी त्याला शब्द काय दिला होता? जे त्यानं शेवटच्या दुपारी हातावेगळं केलं, ते मी वर्षभर रोज त्याच्या कानांत ओतलं होतं.

"काय लिखेल शे?" अक्कानं विचारलं. ती त्या तीन ओळींकडे बघत होती. मुलाचं नाव तेवढं तिला इंग्रजीत ओळखता येत होतं, त्याच्या कॉलेजच्या ओळखपत्रावर बघून शिकली होती.

मी खोटं बोलायचं ठरवलं होतं. पण तोंडातून खरं आलं. "त्यानंच लिहून ठेवलंय, अक्का. आता बंद करा म्हणून."

कधी लिहिलं, हे तिनं विचारलं नाही. तिच्या लेखी ते आत्ताच आलं होतं. तिनं विचारलं आणि त्यानं उत्तर दिलं. तिचा चेहरा वर्षभरात मी असा बघितला नव्हता. "देखं का," ती मला म्हणाली, "त्यानीच सांगं." तिनं काचेवर, त्याच्या नावावर तळवा ठेवला, मग हात जोडले आणि उठली. जिना उतरताना तिनं कठडा धरला नाही. मी एसटी स्टँडपर्यंत सोडायला गेलो, तर खिडकीतून तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, आता तूही जा, नोकरी बघ, लग्न कर. गाडी सुटेपर्यंत मी हसत उभा होतो.

परत येऊन मी माझं पत्र काढून टाकलं आणि त्याची तीन पाठवली. ती गेली, एका वर्षानं.

दुसऱ्या दिवशी सवयीनं बारा वाजता बसलो. बातम्या नव्हत्या. दोन याद्यांकडून मशीनची पोच आली होती, नाव काढलं आहे. सिनेमाची यादी मात्र एक माणूस चालवत होता आणि त्यानं स्वतः लिहिलं होतं. तुम्ही जाताय ह्याचं वाईट वाटतं, असं तो त्याचं नाव घेऊन म्हणत होता. तुमचे प्रश्न मजेदार असायचे, वर्षभर तुम्ही गप्प का होतात तेही कळलं नाही. सोडून जाण्याचं कारण कळवलंत तर बरं होईल.

खाली उत्तरासाठी जागा कोरी होती. मी कर्सर तिथे नेऊन ठेवला आणि तीन वाजेपर्यंत, खालचं शटर वर जाईपर्यंत, तसाच बसून राहिलो. मग दुकानदारानं खालून हाक मारली, की फोन हवाय.